मोठ्याने न म्हटलेली प्रार्थना

रेवस, १४ मे १९३१

प्रिय सदा,

पाकिटावर रेव्हरंड लिहिलंय, नाहीतर मुंबईच्या परिषदेतली माणसं पत्र तुझ्या हाती द्यायची नाहीत. आत मात्र तू सदाच. तुला कडेवर घेऊन मी मिठागराच्या बांधावर फिरलेय, तेव्हा माझ्यापुढे पाळकसाहेब होऊ नकोस.

मंडळी बरी आहे. ठमाबाईचे गुडघे तसेच. मुंबईहून आणलेली तुझी खुर्ची प्रार्थनामंदिरात पुसून ठेवलीय, तिच्यावर कोणी बसत नाही.

पुनरुत्थानाच्या सणाला मिशनचे साहेब आले होते, आठवतं ना? तुझं प्रवचन छानच झालं, चांगलं शिकून आलेला माणूस बोलतो तसं. मग नेहमीप्रमाणे ज्याला वाटेल त्याने प्रार्थना करायची, म्हणून बाबा उठले. त्यांची प्रार्थना ती काय, 'देवा, ठमाबाईला चालवत न्हाय, तिचं गुडघं बघ रं जरा.' बायका डोळे पुसायला लागल्या, आणि साहेब तुझ्याआधी बाबांचा हात धरायला गेले. मी तुझ्याकडेच बघत होते. लहानपणी माशाची मोठी तुकडी दुसऱ्याच्या ताटात पडली की तुझं तोंड व्हायचं, तसंच झालं होतं.

पुढच्या रविवारी तू जाहीर केलंस, यापुढे पाळकाशिवाय कोणी मोठ्याने प्रार्थना करायची नाही, शिस्त हवी. पहिलं 'आमेन' बाबांनीच म्हटलं. तुला तो टोमणा वाटला. टोमणा नव्हता रे. मिठाने ज्यांचे पाय फुटले त्यांचा मुलगा पाळक झाला होता, तो बोलेल ते त्यांना मोलाचंच होतं.

तू मुंबईला गेलास आणि त्यांना ताप भरला. तार केली. तुझं उत्तर आलं, शनिवारी भाषण आहे, ते झालं की निघतो. 'मोठ्या सभेत बोलतोय आपला सदा,' असं ते येईल त्याला सांगत होते. माणसं उशाशी बसून म्हणायची, धर्माजीबाबा, प्रार्थना करा. ते ओठांवर बोट ठेवायचे. घरात कसली आलीय बंदी, असं मी चिडून म्हटलं, तर म्हणे पाळकाचा शब्द बापानेच मोडला तर मंडळी काय करील. नुसते ओठ हलायचे. मला तुझा राग आला सदा, अजून गेलेला नाही.

मंगळवारी दुपारी बाबा गेले. तारेच्या चार शब्दांत तुला कळू नये, म्हणून लिहितेय. उन्हामुळे संध्याकाळीच माती दिली. मिठागरावरचा त्यांचा जोडीदार कोंडाजी खड्ड्यापाशी 'हे बापा' म्हणाला, त्याला तुझा हुकूम आठवला आणि तो तिथेच थांबला. मग कोणीच तोंड उघडलं नाही. फावड्यांचा आवाज तेवढा होत होता. जायच्या आधी बाबा मला म्हणाले, 'सदा पाळक झाला नसता तरी माझाच व्हता. त्याला ह्ये ठावं न्हाय, तू सांग.' ते सांगितलं. बोट रोज आहे. भाषणाआधी निघायचं की नंतर, तुझं तू ठरव. काळा झगा तिकडेच ठेव. मातीपाशी उभा राहून मोठ्याने प्रार्थना कर, बाबा करायचे तशी. मग कोंडाजीला त्याचं राहिलेलं वाक्य पुरं करू दे.

तुझीच,
मैनाक्का