बाबांच्या स्वेटरची लोकर

निर्मळ, रविवार, संध्याकाळ

आईने आज बाबांचा स्वेटर उसवला. ते गेल्यावर मी ठेवलेला त्यांचा तेवढा एकच कपडा, धुतलासुद्धा नव्हता. वाडीतून फुलं तोडून आले, तर तिच्या मांडीवर नुसती कुरळी लोकर.

टीव्हीवर युद्धाच्या बातम्या चालू होत्या. "जवानांना हातमोजे विणायचेत," म्हणाली. तिच्या लहानपणी युद्धात असंच करायचे, घरचे स्वेटर उसवून विणायला घ्यायचे. ते तिला आठवतं. बाबा वारले, हे आठवत नाही.

ओरडलेच मी. कशाला ओरडले? "अगं, मग बाबा थंडीत काय घालतील?" तिच्यासारखंच बोलून गेले.

"त्यांना काय, ते घरातच आहेत. हात धर पुढे."

धरले. ती माझ्या हातांवर कुरळी लोकर गुंडाळत राहिली. लोकरीला अजून बाबांचा वास होता. तिचं म्हणणं खोटं कसं म्हणू?