वाळ्याच्या तीन ताट्या

प्रिय प्रशिक,

जयभीम. तुझ्या आईची तब्येत बरी आहे आणि खोली थंड आहे, तेव्हा आधी तो घोर काढून टाक. पत्राचं कारण वेगळं आहे. रोशनची नोकरी गेली रे. सोमवारी गेली आणि मला काल कळलं. रोशन म्हणजे आपल्याकडे तीनदा येऊन गेलेला एसीचा मेकॅनिक, ज्याचं नाव तू तक्रारीत लिहिलंस. कंपनीतले लोक म्हणतात, तुझ्या तक्रारीनं गेली. खरं कशानं गेली ते मला ठाऊक आहे. फोनवर सांगायला लागलो तर तू म्हणशील, जाऊ द्या ना बाबा, आणि मी जाऊ देईन. म्हणून कागद घेतला.

एप्रिलमध्ये तू पुण्याहून आलास आणि एसी बसवून गेलास. मागच्या उन्हाळ्यात आईला ऊन लागून चार दिवस सलाईनवर ठेवावं लागलं होतं. यंदा खोली थंडच पाहिजे असं डॉक्टर म्हणाले आणि माझा कूलर तिला पुरत नव्हता. मी मान्य केलं. कामठी रोडवर चाळीस वर्षं कूलर बनवणाऱ्या माणसाला ते किती जड गेलं हे मी बोललो नाही, तूही विचारलं नाहीस. निघताना तू म्हणालास, "बाबा, याला हात लावायचा नाही. हा कूलर नाही." आई हसली. मीही हसलो. ते वाक्य मात्र माझ्या मनात तसंच अडकून राहिलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात पारा पंचेचाळीसवर गेला. एसीचं बाहेरचं युनिट मागच्या गॅलरीत, पश्चिमेच्या उन्हात. दुपारी त्याच्या पत्र्याला हात लावला तर चटका बसला. मला वाटलं, हे स्वतःच एवढं तापलं आहे, तर आत काय थंड करणार? दुकान बंद करताना आणलेल्या वाळ्याच्या ताट्या माळ्यावर पडून होत्या. त्या मापात कापल्या, कूलरला लावतो तशा तीन बाजूंनी तारेनं बांधल्या आणि वरून पाणी मारलं. काय वास सुटला! आईनं आतूनच ओळखलं. "अवो, जिंदगीभर पाणी मारलं, आता त्या मशिनीलेबी मारून राहिले का?" मी म्हटलं, "चूप वं. प्रशिकले सांगू नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला एसी बंद पडला आणि समोर ई-चार असा आकडा लुकलुकायला लागला. मी चष्मा शोधेपर्यंत तुझा फोन, कारण तुला तो आकडा पुण्यात बसून फोनवर दिसतो. तू विचारलंस, बाबा, काही केलं का? मी म्हटलं, काही नाही. आणि खरं सांगतो, मला तसंच वाटत होतं. मी तर त्याला मदत करत होतो.

रोशन यायच्या आधी कंपनीचा फोन यायचा. फोन आला की मी ताट्या सोडून न्हाणीघरात नेऊन उभ्या करायचो. तू हात लावू नको म्हणाला होतास ना. पहिल्यांदा त्यानं गॅस तपासला, वायरी तपासल्या. दुसऱ्यांदा आतलं सर्किटचं कार्ड बदललं. तो असेपर्यंत एसी मुकाट चालायचा. तो गेला की मी ताट्या पुन्हा बांधायचो, बिचाऱ्यानं केलेली दुरुस्ती टिकावी म्हणून. आणि दुसऱ्या दुपारी पुन्हा ई-चार, पुन्हा तुझा फोन. तिसऱ्यांदा तो तासभर एसी चालू ठेवून बसला. आईनं चहा केला. कपावरून माझ्याकडे बघत म्हणाला, "काका, तुमी रवी कूलरवाले ना? आमच्या कामठीच्या घरी तुमचाच होता. मायनं दहा उन्हाळे काढले त्याच्यावर. आमी तिघं भाऊ त्याच्यापुढे झोपाले भांडत होतो." त्या दिवशी किती महिन्यांनी मला माझं नाव ऐकू आलं. मग तर ताट्यांचं त्याला सांगणं शक्यच नव्हतं.

काल कंपनीचा नवीन माणूस आला तो फोन न करताच. आईनं दार उघडलं आणि तो सरळ गॅलरीत आला. मी पाण्याचा मग हातात घेऊन उभा. "काका, एसीले सदरा शिवला का?" तो पोट धरून हसला. मग ताट्या सोडता सोडता समजावलं. कूलरला ओली ताटी लागते, याला मोकळी हवा लागते. खोलीतली गरमी हे यंत्र बाहेर फेकतं, तुम्ही त्याचं नाकच दाबलं, म्हणून ते ई-चार दाखवून बंद पडतं. चाळीस वर्षं हवेचं काम केलं, आणि एवढी गोष्ट मला कळली नव्हती. त्यानं विचारलं, "कधीपासून लावल्या?"

मी म्हटलं, "आजच."

हा शब्द कुठून आला मला माहीत नाही. अजून कानात वाजतो आहे. तो म्हणाला, "मंग पयलेचा फॉल्ट रोशनचाच. सोमवारी काढलं त्याले. तीनदा येऊन सापडला नाही, वरून गिऱ्हाइकानं लिहून देल्लं का मुद्दाम काम अर्धवट ठेवते." हातातला मग ठेवताना पाणी त्याच्या बुटांवर सांडलं, ते पुसायला मी वाकलो. तो "राहू द्या काका" म्हणाला. मी दार उघडून धरलं. तो गेला.

आणि मग मला ती काडी आठवली. तिसऱ्या खेपेला निघण्याआधी रोशन युनिटच्या मागे वाकला होता. जाळीतून त्यानं बोटभर लांबीची एक काडी ओढून काढली. ओली होती. त्यानं ती नाकाशी नेली. वाळ्याचा वास न ओळखणारा माणूस नागपुरात सापडायचा नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या बोटांवरच्या तारेच्या ओरखड्यांकडे पाहिलं. मी मोगऱ्याच्या कुंडीतली माती उकरायला लागलो. त्यानं काडी खिशात ठेवली आणि एवढंच म्हणाला, "काका, याच्या आसपास मोकळी हवा राहू द्या बरं." कागदावर लिहिलं, दोष आढळला नाही. ग्राहकानं युनिट झाकलं होतं, एवढी एक ओळ लिहिली असती तर आज तो कामावर असता. रवी कूलरवाल्याची चूक त्याला कागदावर आणायची नव्हती. आणि मी? दुसऱ्या सकाळी पुन्हा ताट्या बांधल्या, दुपारी ई-चार आला, आणि तू चिडून ती तक्रार लिहिलीस.

आई पलंगावरून सगळं ऐकत होती. नवीन माणूस गेल्यावर तिनं विचारलं, "तुमी काहून नाही बोलले?" तिनं रिमोट उचलला आणि एसी बंद केला. "मले नाही पायजे ही थंडी," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली. चव्वेचाळीस डिग्री, प्रशिक. तिच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. मी हात जोडले, उद्या कामठीला रोशनच्या घरी जातो असं कबूल केलं, तेव्हा कुठे तिनं मला एसी लावू दिला.

आता काम तुझ्याकडे आहे. तक्रार तुझ्या नावानं, तुझ्या फोनवरून गेली आहे. मी सकाळी कंपनीला दोनदा फोन करून सांगून पाहिलं. तिथली मुलगी म्हणते, ज्यानं तक्रार केली त्यानंच मागे घ्यावी लागेल. सोबत माझ्या हातचा कागद ठेवला आहे. ताट्या कोणी बांधल्या, किती दिवस, प्रत्येक वेळी कुठे लपवल्या आणि काल मी काय खोटं बोललो, सगळं लिहून खाली सही केली आहे. त्याचा फोटो त्यांना पाठव, माझं नाव झाकू नकोस. तुला आधी खात्री करायची असेल तर हे पत्र मिळेल त्या दिवशी दुपारी दोनला फोन बघ. ई-चार दिसणार नाही. त्यानंतर मात्र एक दिवसही थांबू नकोस. रोशन परत घेतला जाईल की नाही, मला माहीत नाही. त्याच्या दारात उभा राहून काय बोलायचं तेही सुचत नाही, म्हणून त्या तीन ताट्या दोरीनं बांधून बरोबर घेतल्या आहेत. शेअर ऑटोवाला कुरकुर करेल. मांडीवर ठेवीन.

तुझाच,
बाबा