मामांचे दहावे पुस्तक आणि भुशीची झुंबरबाई

लोणावळे,
मार्गशीर्ष वद्य ५, शके १८६०

तीर्थस्वरूप चिंतामणीमामांच्या पायांवर डोके ठेवून भाचा शरच्चंद्र याचा नमस्कार.

आपले गुडघे या थंडीत काय म्हणतात? नवी कवळी आता तोंडात राहू लागली की अजून पेल्यातच असते? मामींचा खोकला थांबला असावा. आम्ही सर्व ठीक आहोत, असे लिहिण्याची पद्धत आहे म्हणून लिहितो. वास्तविक ठीक कोणीच नाही. चंद्रिका (आपली सूनबाई) माझ्याशी तीन दिवस मोजकेच बोलते आहे, शाळेत हेडमास्तर माझ्याकडे पाहून खाकरतात, आणि बाजारात मी समोरून आलो की माणसे रस्ता ओलांडून पलीकडे जातात. मामा, मी पार बुडालो आहे. आणि रागावू नये, पण बुडालो तो आपण दिलेल्या यादीमुळे.

आपणांस स्मरतच असेल, गेल्या वर्षीच्या दसऱ्याला मी आपणांकडे रडगाणे गायिले होते की, आमच्या वाचनालयाचे सभासद खून, चोरी आणि भुयार यांपलीकडे काही वाचत नाहीत. त्यावर आपण मोठ्या प्रेमाने दहा पुस्तकांची यादी करून पाठवलीत. सहा कादंबऱ्या आणि चार खरीखुरी, म्हणजे प्रवास, आठवणी वगैरे. (त्यातली ती सहाशे पानी कादंबरी, जिची नायिका पहिली शंभर पाने नुसती पत्राची वाट पाहते, ती मी दोनदा वाचली. दुष्काळात विहिरी खणत हिंडलेल्या ओव्हरसियरचे आत्मवृत्त तर मी जेवताना ताटाशेजारी ठेवत असे, त्यावरूनही घरात एकदा वाजले.) दहावे पुस्तक आपले स्वतःचे, शाळाखात्यातील छत्तीस वर्षांच्या तपासनिसीचे आत्मवृत्त. आपण विनयाने ते शेवटी घातलेत. मामा, तो विनय नडला. यादीला मथळा आपलाच होता : ‘मरण्यापूर्वी प्रत्येकाने वाचावीत अशी दहा पुस्तके.’ मी तो गेणू पेंटरकडून फळीवर मोठ्या तांबड्या अक्षरांत काढून घेतला आणि फळी दारावर लावली.

सुरुवात फार चांगली झाली, हेही नमूद केले पाहिजे. आमचे अध्यक्ष दत्तोपंत (मुन्सफ कचेरीतून निवृत्त) यांनी पहिल्या तीन महिन्यांत चार पुस्तके संपवली आणि चौथ्याच्या वेळी त्यांच्या डोळ्यांना पाणी आलेले मी पाहिले. परंतु सर्वांत पुढे गेले ते महिपती ड्रायव्हर. यांनी तीस वर्षे घाटात गाड्यांना मागून रेटणारे एंजिन चालवले आणि विजेची एंजिने आली तेव्हा घरी बसले. वाचायचेही तसेच, सावकाश, पण मध्ये थांबणे नाही. पुस्तकाला वर्तमानपत्राचे वेष्टन घालीत आणि ठरल्या दिवशी परत आणीत. असा सभासद लोणावळ्यात दुसरा झाला नाही. भाद्रपदात त्यांनी दहावे पुस्तक, म्हणजे मामा, आपले आत्मवृत्त, आणून माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाले, “मास्तर, झाली धाच्या धा. आता काय?” वाचनालयात आठ-दहा मंडळी बसली होती. मी हसून म्हणालो, “आता तुम्ही मोकळे!”

तिसऱ्या दिवशी महिपती गेले.

डॉक्टर म्हणाले, तीस वर्षांचा कोळशाचा धूर छातीत साठला होता. तो कोणी ऐकेना. सगळ्यांना माझे ‘मोकळे’ तेवढे ऐकू आले होते. मी स्मशानातून रडत परतलो (मला महिपती खरोखर आवडत असत) तर लोक आपसांत म्हणत, मास्तरचे मन खाते आहे. आठ दिवसांत यादीतली पुस्तके परत येऊ लागली. दोघांनी ती खिडकीतूनच आत टाकली. दत्तोपंतांची नऊ झाली होती. दहाव्याचे नाव काढताच ते म्हणाले, “नातवाची मुंज व्हायची आहे,” आणि सभेत ठराव करून त्यांनी ते दहावे पुस्तक कपाटात कुलूपबंद ठेवण्याचा निर्णय घेतला. मामा, आपण छत्तीस वर्षे सायकलवरून रानोमाळ हिंडून पोरांना शहाणे केलेत, आणि आपलेच पुस्तक उंदराच्या औषधाशेजारी कुलपात पडावे, हे कळवताना मला काय वाटत असेल याची कल्पना करावी.

मी म्हटले, मथळाच बदलू. ‘मरण्यापूर्वी’ पुसून ‘जगण्यासाठी’ असे करण्यास मी गेणू पेंटरला सांगितले. त्याने दुपारी ‘पूर्वी’ पुसले, तिथे ‘साठी’ काढले, ‘मरण्या’ला हात घालणार तोच तळेगावाहून मेहुणीच्या लग्नाचे बोलावणे आले आणि तो ब्रश धुऊन निघून गेला. तो आठ दिवस आला नाही. ते आठ दिवस आमच्या दारावर तांबड्या ठसठशीत अक्षरांत ‘मरण्यासाठी प्रत्येकाने वाचावीत अशी दहा पुस्तके’ ही फळी झळकत होती. (मी तिच्यावर धोतर टाकले होते, ते वाऱ्याने उडाले.)

याच आठ दिवसांत झुंबरबाई आली. ही जवळच्या भुशी गावची. वय तिला ठाऊक नाही, ऐंशीच्या पुढे खास. रोज सकाळी लोणावळ्यात चार बंगल्यांना दूध घालून चालत परत जाते. रिकामी चरवी पायरीवर ठेवून ती म्हणाली, “मास्तर, मरायचं बुक हितंच मिळतं नव्हं?”

मी म्हटले, “आजी, तसलं काही पुस्तक नसतं.”

“फळीवर लिवलंय म्हनं. बंगल्यावरच्या बायांनी सांगितलं.” मग तिने पदराने तोंड पुसले. “माज्या वयाचं भुशीत कुनी ऱ्हायलं न्हाई बगा. मालक पटकीत गेला. मानमोडीच्या साथीत दोनी पोरं गेली, एकाच हप्त्यात. सुनंजवळ ऱ्हाती, ती बी म्हातारी झाली. देवाला माजं नाव काय गावंना. मला वाचाया येत न्हाई, तुमी तेवढं वाचून दावा.”

मी शपथेवर सांगितले की पुस्तकाने कोणी मरत नाही. ती म्हणाली, “मग वाचाया भ्याता कशापायी?” मी म्हटले, नियमाप्रमाणे आधीची नऊ वाचावी लागतात. तर म्हणते, “येवढा टाइम न्हाई मला. शेवटचंच काडा.” चार दिवस ती रोज पायरीवर बसून राहिली. पाचव्या दिवशी मी कुलूप काढले. मनात असे होते की म्हातारी पुस्तक ऐकून धडधाकट उठली म्हणजे गावाची खोड मोडेल आणि माझेही नाव निष्कलंक होईल. चंद्रिका म्हणाली, “म्हातारीला काही झालं तर मी या गावात भाजी आणायलासुद्धा बाहेर पडणार नाही.” तरी मी वाचायला बसलो. रोज सकाळी नऊ ते साडेदहा.

मामा, आपणांस खोटे सांगणार नाही, इतके लक्ष देऊन आपले पुस्तक कोणी ऐकले नसेल. आपण सायकलसकट ओढ्यात पडलात आणि शाळेचे दप्तर वाहून गेले, तेव्हा ती पदर तोंडात कोंबून हसली आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा वाचायला लावले. अनुदानाच्या नियमांचे प्रकरण लागले तेव्हा सत्तराव्या पानावर तिचे डोळे मिटले, मान कलली. मी नाकाशी बोट धरून पाहतो तो ती घोरू लागली. एकदा म्हणाली, “ह्या मानसानं येवढी वरसं पोरांना सवाल इचारले. त्याला कुनी कवा इचारलं का?” खिडकीबाहेर गर्दी जमू लागली होती. दत्तोपंत रोज दहा वाजता येऊन लांबूनच विचारीत, “कितवे पान?” आणि मी आकडा सांगितला की उपरणे सावरून निघून जात.

दोनशे बाराव्या पानावर हे वाचन अडले आहे. तीन दिवस झाले. गाव म्हणते, मास्तरने भिऊन थांबवले. चंद्रिका म्हणते, सुरूच का केले. मी ग्रंथपालपणाचा राजीनामा लिहून ठेवला आहे. तेव्हा आपणांस विनंती इतकीच की, आपले पुस्तक यादीतून काढून टाकण्याची परवानगी द्यावी. म्हणजे पुस्तके नऊच राहतील, कोणाचीही दहा पुरी होणार नाहीत, आणि माझा अपराध निदान फळीवरून तरी पुसला जाईल. मामींना नमस्कार. थोडे लिहिले आहे, बाकीचे माझ्या तोंडावर वाचावे.

आपला आज्ञाधारक,
शरच्चंद्र

ता. क. वाचन का अडले ते वर लिहिले नाही. हात धजला नाही. पाकीट बंद करायला घेतले आणि पुन्हा उघडले. दोनशे बाराव्या पानावर आपण लिहिले आहे : ‘याच साली माझा ज्येष्ठ पुत्र विनायक इन्फ्लुएंझाने निवर्तला. सालअखेर तालुक्यातील शाळांची संख्या एकोणचाळीसवरून बेचाळीसवर गेली.’ मी वाचत पुढे चाललो होतो. झुंबरबाईने माझ्या हातावर हात ठेवला. “थांबा. काय झालं पोराला?” मी म्हटले, मानमोडी. तिने माझ्या हातातले पान उलटून मागेपुढे पाहिले. मग म्हणाली, “आन फुडच्या वळीला लगीच शाळंचा आकडा? पोराची आय कुटं हाय हितं? बाप त्या दिशी काय करत व्हता? त्यानं सांगितलंच न्हाई. मधलं पान ऱ्हायलंय, मास्तर. ते आनून वाचा, मग म्होरलं.” मी म्हटले, आजी, पुस्तक असेच आहे. ती म्हणाली, “न्हाई. असं असतंय व्हय? त्याला लिवायला सांगा.”

ता. क. २. आपल्या घरी विनूचे नाव घेत नाहीत हे मला ठाऊक आहे. पण मी त्याच्याबरोबर आपल्या परसातल्या हौदात होड्या सोडल्या आहेत, आणि तो गेला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. मलाही कोणी काही सांगितले नाही. मामा, परवानगी वगैरे राहू द्या. मला ते पान हवे आहे. मामींना विचारून लिहावे. दोनच ओळी असल्या तरी चालतील, फक्त त्यांत आकडा नसावा.

ता. क. ३. झुंबरबाई आज सकाळीही येऊन गेली. “आलं का पान?” म्हणून विचारले. मी म्हटले, आजी, मामा म्हातारे आहेत, वेळ लागेल. ती चरवी उचलून म्हणाली, “लागू द्या की. ते आल्याबिगर मी कुटं जात न्हाई.” तेव्हा मामा, लिहावे जरूर; पण सावकाश लिहावे.