बिल्ल्याला पडलेलं भोक

प्रिय ओपलताई,

तुला आणि हर्शेलदाजींना नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? माझे विचारू नकोस. दाजींना म्हणावं, डॉक्टरने मीठ बंद केलंय तर गुपचूप बेकन खाणं थांबवा, त्याचा वास पत्रालाही येतो. इकडे सगळं ठीक. म्हणजे वेन्डेल ठीक आहे आणि मी त्याच्याबरोबर राहते.

नातीच्या बाप्तिस्म्याला घरचा बिल्ला पाठव, असं तू तीनदा लिहिलंस आणि तिन्हीदा खाली रेघ मारलीस. एकदा पुरे होतं. शाळा मी नववीत सोडली (खरं तर शाळेनेच मला सोडलं), पण वाचता येतं. सोबतच्या पुडीत बिल्ला आहे, लाल फितीसकट. तो एवढा लखलखीत का, ते सांगायला हे पत्र. नाहीतर कार्डावर दोन ओळी खरडून मी मोकळी झाले असते.

माझ्या नवऱ्याचा नाद तुला ठाऊकच आहे. दीड-पावणेदोनशे वर्षांपूर्वी निवडणुकीत वाटलेले नाण्यासारखे पितळी बिल्ले जमवतो. कोण उभा होता, कोण पडला, याच्याशी त्याला घेणंदेणं नाही (स्वतः मत द्यायला बारा वर्षांत गेलेला नाही). बरं, नुसते जमवून भागत नाही, अपग्रेड करावे लागतात. म्हणजे आपल्याकडचाच बिल्ला दुसऱ्याकडे जास्त चांगला दिसला की आपला देऊन तो आणायचा. आमच्या फ्रिजचं दार मी खुर्ची टेकवून बंद करते, गाडीचं दार दोरीने बांधलंय, तिथे अपग्रेड नाही. बिल्ल्यावर उमेदवाराची खूण म्हणून ओंडक्यांचं खोपटं कोरलेलं असतं, त्याचे ओंडके मात्र एकूण एक मोजता आले पाहिजेत.

मार्चमध्ये अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये बिल्लेवाल्यांचा मेळावा होता. मी आत पॅनकेक उलटत होते (दोनशे माणसं, एकही जण ताट उचलून ठेवत नाही), तेवढ्यात या माणसाने आपला बिल्ला अपग्रेड केला. आपला, ताई! पणजोबांच्या आजोबांनी भोक पाडून कोटाला लटकवलेला. जो घरातल्या प्रत्येक बाळाच्या गळ्यात बाप्तिस्म्याला बांधतात, ज्यावर तुझ्या, माझ्या आणि आईच्याही दातांच्या खुणा आहेत. जो आईने शेवटी माझ्या हातात दिला म्हणून तू दोन वर्षं माझ्याशी बोलली नाहीस, तो. तो देऊन याने तसलाच बिनभोकाचा, कोरा करकरीत आणला आणि वर मलाच दाखवतोय, "व्हर्ना, बघ तरी, एक ओरखडा नाही!" मी म्हटलं, "तुझं डोकंही तसंच आहे, कधी वापरलेलंच नाही."

ज्याला दिला तो बर्डेट लॅम्फिअर, तीन गावं पलीकडचा निवृत्त टपालवाला. दुसऱ्याच दिवशी चर्च बुडवून मी त्याच्या दारात. तर हा बाबा फक्त भोकवालेच बिल्ले जमवतो! म्हणतो, "बाई, भोक नाही म्हणजे तो कुणी अंगावर मिरवलाच नाही. खरं अपग्रेड तुमच्या नवऱ्याने मला दिलं." म्हणजे दोघंही खूश, आणि समोरच्याला गंडवलं असं दोघांनाही वाटतंय. मी म्हटलं, परत दे. तर म्हणे, दुसरा भोकवाला आणा, लगेच देतो.

आता भोकच हवं ना? मी गॅरेजमधलं गिरमिट घेतलं आणि वेन्डेलच्या करकरीत बिल्ल्याला भोक पाडलं (जरा तिरकं गेलं, दोन ओंडके उडाले). लॅम्फिअरने भिंग लावलं, मग भिंग खाली ठेवलं, मग स्वतःच खाली बसला.

"बाई, हे भोक कालचं आहे."

"कालचं कसं? आज सकाळचं आहे," मी म्हटलं. मी खोटं बोलत नाही.

पण त्याला पटलं नाही. माणसं कशाला काय धरून बसतील, सांगता येत नाही. असो. बिल्ला पोचला की कळव. बाळाच्या गालाला माझा एक पापा, दाजींना नको.

तुझी
व्हर्ना

ता. क. पुडीतला बिल्ला आईचा नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. ओरडू नकोस, पुढे वाच. लॅम्फिअरकडे मी पुन्हा गेले, पीचचा केक घेऊन. अर्धा खाऊन झाल्यावर तो म्हणाला, भोक नवं असलं तरी चालवून घेईन, पण कुणीतरी तो खरंच गळ्यात घातलेला असला पाहिजे. तेव्हा बाप्तिस्म्याला हाच बांध. बाळाला मनसोक्त चावू दे (फीत धरून ठेव, गिळला तर पुन्हा पहिल्यापासून आलं). पाद्रीबाबांसकट फोटो काढ आणि बिल्ला, फोटो दोन्ही मला पाठव. मग मी आईचा सोडवून आणते आणि तुझ्या हातात देते. तुझ्याकडेच राहू दे तो. माझ्या घरात त्याचा भरवसा नाही.

ता. क. दुसरा. वेन्डेलला मी सांगितलंय की त्याचा करकरीत बिल्ला तू कौतुकाने बघायला मागवलास. त्याचा फोन येईल. सगळे ओंडके दिसतात म्हण.