ओवाळणीचं ताट

रविवार, दिवेलागण

आज वाटूरशी मॅच. वाटूरविरुद्ध उतरण्याआधी आपल्या परतूरच्या टीमला कोचच्या बायकोनं ओवाळायचं, ही रीत यांनीच पाडलेली. अकरा वर्षं मी ओवाळलं. हे गेले, आणि आज ते ताट नव्या कोचच्या बायकोच्या, सुनंदाच्या हातात.

ताट माझंच, सकाळी घरून मागून नेलं. "काकू, तुमी सावलीत बसा बरं," म्हणाली. विधवेनं ओवाळू नये असं कुणी तोंडानं बोललं नाही. गोड बोलली, तेच जास्त लागलं.

इरफान आमचा गोलकीपर. त्याला कुंकू लावायचं नाही, नुसती साखर द्यायची, हे सुनंदाला कुठून ठाऊक? तिनं बोट कुंकवात बुडवलं. मला दिसत होतं. एक हाक मारली असती तर थांबली असती. मुद्दाम गप्प बसले. इरफाननं हातमोज्यानं कपाळ पुसलं. ती लाजून साखर द्यायचीच विसरली. माझ्या ताटातली साखर.

एक गोल खाल्ला, हरलो. दोन लेकरांचा बाप इरफान, रडून लाल झालेल्या डोळ्यांनी माझ्याकडं आला. "चाची, तुमी शक्कर दिली न्हाई, मंग बॉल कसा अडवू?" आणि हसला. मी त्याला पाणी दिलं.

वाटूरचा गोल झाला तेव्हा मला आधी बरं वाटलं. यांच्या टीमवर गोल झाला, आणि मला बरं वाटलं. इरफानपासून लपवलं. यांच्या फोटोसमोर अजून दिवा लावलेला नाही.