खेळ संपवायचा राहिला

शनिवार, ८ फेब्रुवारी

आज खेळ कमी, भांडणच जास्त. चष्मेवाल्याच्या दुकानामागच्या खोलीत आम्ही नेहमीचे चौघं — तो, गणिताचे मास्तर, माझा धाकटा भाऊ आणि मी. टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेक पात्र व्हायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची, हा आमचा खेळ. मास्तरांनी संगणकावर कसलासा गेम घेतलाय. राक्षस मारायचे, गुण मिळवायचे, ताकद वाढवायची. म्हणे हाच खरा रोलप्लेइंग गेम! धाकट्याच्या नाकावर कायम राग. बटणं दाबण्यात भूमिका कुठे आली, म्हणाला. मास्तरांचं म्हणणं, फासे आणि गुण काढून टाका, मग उरतं ते निव्वळ नाटक. धाकटा म्हणाला, नाटकात पुढचं ठरलेलं असतं, इथे नसतं. गोष्ट पुढे नेण्याचं काम चष्मेवाल्याचं, म्हणून निकालही त्यानेच दिला — दुसऱ्याच्या डोक्याने निर्णय घ्यायचा, हा खेळ. बाकी फासेबिसे सगळी सजावट. मी म्हटलं, ज्यातून बाहेर पडता येतं तो खेळ. नेहमीप्रमाणे कुणी लक्ष दिलं नाही.

वाद घालतच उठलो. खरं तर शेवटी चष्मेवाला टेबलावर थाप मारतो, प्रत्येकाने आपलं खरं नाव मोठ्याने सांगायचं आणि मगच उठायचं, ही आमची रीत. आज ती राहिलीच. घरी आल्यावर लक्षात आलं. असो.

रविवार, ९ फेब्रुवारी

धाकटा खेळात म्हातारा होडीवाला असतो. शांत, सोशिक. म्हणजे स्वतःच्या अगदी उलट. आज आई बाल्कनीतून आत येत होती, तर याने दाराशी जाऊन हात पुढे केला. "पाय जपून टाका, बाई." आई हसली. मीही हसले.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

धाकटा कामाला जातो त्या छापखान्याच्या मालकांचा फोन. मला वाटलं, झालं, पुन्हा कुणाशी तरी भांडला. तर चक्क कौतुक! येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दारात हात देऊन आत घेतो म्हणे. कुणी ओरडलं तरी हसतो.

घरी आल्यावर त्याला म्हटलं, पुरे झाली नाटकं. त्याने माझ्याकडे इतक्या मायेने बघितलं! "पलीकडे जायचंय का तुम्हाला?"

सख्खी बहीण मी त्याची. तुम्हाला!

गुरुवार, १३ फेब्रुवारी

दुपारी चष्मेवाल्याकडे जाऊन सगळं सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं, हसला नाही. म्हणाला, शनिवारी सगळे बसू आणि खेळ रीतसर संपवू.

आईला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, थांबली. "असू दे ना गं. हा माझ्याजवळ बसून बोलतो तरी."

तिचं चुकलं असंही म्हणवत नाही. पण मला माझा भाऊ हवा आहे. चिडका, दारं आपटणारा, माझ्या खोड्या काढणारा. मला तो खूप हवा आहे.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आज त्याने माझ्या चपला पुसून ठेवल्या. फेकून द्याव्याशा वाटल्या.

शनिवार, १५ फेब्रुवारी

संपवला एकदाचा!

चष्मेवाल्याने गोष्ट पुढे नेली — होडी काठाला लागली, उतारू उतरले, दोर बांधला. मग थाप. मास्तरांनी नाव सांगितलं, चष्मेवाल्याने सांगितलं, मी सांगितलं. उरला धाकटा. टेबलाखाली त्याची बोटं हलत होती, गाठ मारल्यासारखी. मग त्याने सांगितलं. खणखणीत, आडनावासकट.

मास्तरांनी डोळे पुसले आणि लगेच तो जुना वाद उकरून काढला. येताना स्कूटर सुरू होईना, तर धाकट्याने तिला लाथ घातली. माझ्या जिवात जीव आला.

सोमवार, १७ फेब्रुवारी

सगळं ठीक चाललंय. ओरडतो, दार आपटतो. फक्त आपटण्याआधी जरासा थांबतो. दार हातात धरून. माझ्याच मनाचं काहीतरी असेल.

मी त्याला लहानपणीचं खोदून खोदून विचारलं. एकही उत्तर चुकलं नाही. आई मात्र पुन्हा एकटी बसायला लागलीय.

बुधवार, १९ फेब्रुवारी

त्याचा आवडता निळा शर्ट माझ्याकडून इस्त्री करताना जळला. तो शर्टाकडे बघत उभा राहिला. मग माझ्या अगदी जवळ आला आणि आईला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं, "ताई, इथे मी चिडतो ना?"

मी हो म्हणाले. मग तो चिडला. अगदी त्याच्यासारखा.