गोबरगॅसची पिशवी आणि मोनिकाचे पाहुणे

९ जानेवारी, गुरुवार

पिशवी बसली! परसातली काळी गोबरगॅसची पिशवी सकाळी बघते तर म्हातारीच्या गालासारखी आत गेलेली. माझे गाल तरी कुठं वर हायेत म्हणा. शेगडीचा जाळ काजव्याएवढा. पिशवी बसवून देणाऱ्या गहिनीनाथला फोन लावला. म्हणाला, "आजी, थंडीनं गॅस आकसतो, ऊन चढलं की फुगतो. घाई असंल तर वर वजन ठेवा. दाब वाढला की जाळ वाढतो."

घाई तर हायच! रविवारी कोपरगावचे पाहुणे मोनिकाला बघायला येणार. नातीची तीन स्थळं फिरली. गार पोह्यापायी चौथं जायला नको.

१० जानेवारी

मातीच्या दोन गोण्या ठेवल्या — जाळ जेमतेम. मी चढून बसले — फकफक! जन्मात पहिल्यांदा माझं वजन कामाला आलं.

१२ जानेवारी, रविवार

पाहुणे आले तेव्हा मी गोधडी टाकून पिशवीवर बसलेली. हत्तीवर बसल्यागत डुलत हुते. लई मजा! चहा झाला. पोहे टाकले आणि सूनबाई आतनं ओरडली, "आत्याबाई, जाळ गेला!"

मी वर-खाली आपटले. काही न्हाई. तेवढ्यात नवऱ्या मुलाचे चुलते काकासाहेब हात धुवायला आले. "आजी, झोका खेळताय व्हय?"

म्हटलं, "वजन कमी पडतंय."

भला माणूस! लगेच बसला. सव्वा क्विंटल तरी असंल. तरी जाळ न्हाई. मग त्यांनी हाळी दिली, "अंगद, ये रे, बस!" म्हंजे नवरा मुलगाच! तिघं ओळीनं, पाठीवर चांगलं ऊन. खाली पिशवी टम्म. मुलाची आई टोकाला, जिथनं शेणाचा रबडा बाहेर पडतो तिथं वाकली. "गॅस जातोय तरी कुठं?"

फस्सऽऽ! मोरपंखी पैठणी गुडघ्यापर्यंत शेणानं माखली.

काकासाहेब वरनं म्हणतात, "वहिनी, हलू नका, अजून येतंय!"

१३ जानेवारी

कोपरगावचा फोन. "योग न्हाई." घास उतरला न्हाई. माझ्या बुडाखाली पोरीचं लग्न मोडलं! गहिनीनाथ म्हणतो, नुसत्या वजनानं एवढं उसळत न्हाई. तीन माणसं बसली हुती म्हटल्यावर हसतच सुटला.

१४ जानेवारी

मी जेवत न्हाई बघून मोनिका जवळ बसली. म्हणाली, "आजी, शेगडीकडं जाणारा नळ मीच बंद केलता." अंगदनं तिला आधीच फोनवर सांगितलेलं म्हणे — लग्नानंतर तिनं नागापूरची नोकरी सोडायची. "वाटलं, पोहे राहतील, रुसून जातील. एवढंच."

म्हटलं, "अगं भवाने, मग आधी मला तरी खाली उतरवायचं!"